रानडुक्कर मारायची मोकळीक मिळाली तर शेत वाचेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गोव्यात, म्हादई अभयारण्याच्या कडेला, सत्तरी तालुक्यात, तुमची काजूची बागायत आहे आणि खाली थोडे भातशेत आहे. रानडुकरांनी पोटरीला आलेले भात एका रात्रीत लोळवले, माकडांनी काजूचा मोहोर झाडावरच संपवला. तुमचे म्हणणे असे की वन्यजीवांचा कायदा, झाडांचे आणि रानाचे सगळे सरकारी नियम शेतकऱ्याच्या मुळावर आले आहेत. सरकारने हात काढून घ्यावा, उपद्रवी जनावर मारायची मोकळीक द्यावी, परवाने बंद करावेत; गाव आपले रान सांभाळायला समर्थ आहे.

मी वनखात्यात बत्तीस वर्षे नोकरी केली, त्यातली निम्म्याहून जास्त सत्तरी आणि सांगे तालुक्यांत. निवृत्त झाल्यापासून शेतकऱ्यांचे नुकसानभरपाईचे आणि वनहक्काचे अर्ज लिहून देतो. जे नियम पूर्वी मी लोकांना दाखवायचो, तेच आता अर्जदाराच्या बाजूने वाचतो. तुमचा राग मला परका नाही. चार महिने राबून उभे केलेले पीक सकाळी उकरलेले दिसते तेव्हा माणसाचे काय होते, हे मी पुष्कळ बांधांवर उभा राहून पाहिले आहे. पण तुम्ही मागता ती मोकळीक एक नाही, चार-पाच वेगवेगळ्या आहेत. त्यातल्या काहींसाठी मी तुमच्याबरोबर येईन, काहींना विरोध करीन.

आधी रानडुक्कर. गावात पक्का समज आहे की डुकराला हात लावला की तुरुंग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ वाचा. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतले जनावर माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक झाले असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून, लेखी आदेशाने, ठरावीक भागात ते मारायची परवानगी देऊ शकतो. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. पणजीतून आदेश निघू शकतो. आपल्याकडचे तांबड्या तोंडाचे (बॉनेट जातीचे) माकड, गवा, मोर यांचे तसे नाही. ते पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथे पिकाचे नुकसान हे मारण्याचे कारण होऊच शकत नाही. माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा जनावर बरे न होण्याइतके जखमी, आजारी असेल तरच. २०१६ मध्ये गोव्यात मोरालाही उपद्रवी ठरवायची भाषा झाली होती. ज्या कलम ६२ खाली केंद्र सरकार एखादे जनावर उपद्रवी जाहीर करते, त्यातून पहिली अनुसूची मुळातच वगळलेली आहे.

आता ही मोकळीक मिळाली तिथे काय झाले ते बघा. २०१५-१६ मध्ये केंद्राने बिहारात नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात तिकडचे ऱ्हीसस जातीचे माकड (ते पहिल्या अनुसूचीत नव्हते) उपद्रवी जाहीर केले. बिहारमधल्या मोकामा भागात बाहेरून शिकारी आणून दोनशेहून अधिक नीलगायी मारल्या. हिमाचलात मुदत पुन्हा पुन्हा वाढवली, पण माकडावर बंदूक धरायला शेतकरीच तयार होईना, कारण त्याच्या डोळ्यांपुढे मारुती होता. आपल्या गावात वेगळे होईल असे तुम्हाला वाटते? केरळने २०२२ मध्ये डुक्कर मारायच्या परवानगीचा अधिकार थेट पंचायतींच्या प्रमुखांना दिला. तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, तिथल्या विधानसभेला आणखी मोकळीक मागणारे विधेयक मंजूर करावे लागले. पंचायतीच्या हातातला अधिकार पुरला असता तर ती वेळ आली नसती.

ते का पुरत नाही, ते मी माझ्या नोकरीत पाहिले. पीक संरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका सत्तरीत आजही आहेत, पण त्या धरणारे हात आता साठीच्या पुढचे आहेत. डुकरांचा कळप रात्री येतो. एक बार झाला की पांगतो आणि तासाभराने शेजाऱ्याच्या शेतात उतरतो. जखमी डुक्कर सकाळी रानमोडीच्या दाट झुडपांत दबा धरून बसते आणि काजू वेचायला आलेल्या बाईवर धावून जाते. आणि डुकराच्या नावाने निघालेली बंदूक डुकरापाशी थांबत नाही. भेकर, सांबर, पिसोरी, समोर येईल ते पडते. मटण कशाचे आहे हे ताटात कोण विचारतो?

बंदुकीपेक्षा वाईट म्हणजे फासकी. स्कूटरच्या क्लचची तार, एक खुंटा, की झाले. ती लावणारा म्हणतो डुकरासाठी लावली. मी नोकरीत असताना एका काजूच्या बागायतीत बिबट्याची मादी अशा तारेत कमरेला अडकलेली सापडली. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे सात वाजले होते. तिने रात्रभर ओढ घेऊन आजूबाजूची सगळी माती खरवडून काढली होती, तार कातडीच्या आत गेली होती. बेशुद्ध करून सोडवायला दुपार झाली आणि संध्याकाळी ती मेली. दूध येत होते तिला. पिल्ले आम्ही चार दिवस शोधली, सापडली नाहीत. बागायतवाला माणूस वाईट नव्हता. त्याच्या सुरणाची आणि कणग्यांची लागवड डुकरांनी सलग तीन वर्षे खाल्ली होती, आणि त्याने भरपाईसाठी दिलेला अर्ज एका कार्यालयात दीड वर्ष पडून होता. तो अर्ज पुढे गेला असता तर तार लागली असती का, हा प्रश्न मी अजून स्वतःला विचारतो.

म्हणून माझे मत असे. ठरावीक गावात, ठरावीक महिन्यांसाठी, प्रशिक्षित माणसांकडून, वनरक्षक हजर असताना डुकरे मारायची परवानगी द्यायला माझी हरकत नाही. कलम ११ त्यासाठी आहेच, ते वापरावे. सरसकट मोकळीक मात्र नको.

पण खरे दुखणे वेगळ्याच ठिकाणी आहे. माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा माझ्या हद्दीतल्या खोऱ्यात सरदाचे पावसाळी भात झाल्यावर वायंगणाचे दुसरे पीकही व्हायचे. माणसे माळ्यावर झोपायची, रात्रभर डबे वाजायचे, कुत्री असायची. राखण हे घरातल्या तरुणांचे काम होते. आज त्याच मळ्यात तीनातली दोन शेते पडीक आहेत. पडीक शेतात पहिल्या वर्षी गवत, तिसऱ्या वर्षी रानमोडी, पाचव्या वर्षी माणसाच्या डोक्यावर जाणारी झुडपे. डुक्कर आता अभयारण्यातून येत नाही. ते तुमच्या भातापासून दोनशे पावलांवर, शेजाऱ्याच्या पडीकात दिवसभर झोपलेले असते. तुम्ही दहा मारा. जागा आणि खाणे तेच राहिले तर एका विताला चार-सहा पिल्ले देणारे जनावर ती जागा भरून काढते.

शेजारी आपले शेत कसायला का देत नाही? कूळ लागेल म्हणून. १९६४ चा कूळ कायदा ज्या काळात झाला तेव्हा तो न्यायाचा होता, आणि ज्यांना त्याने जमीन दिली त्यांच्यासाठी मी त्याला आजही मान देतो. पण त्याच्या धाकाने मडगावात किंवा मुंबईत राहणारा मालक दोन वर्षांसाठीसुद्धा कोणाला नांगर घालू देत नाही. त्यात सत्तरीत मोकाशाच्या आणि आल्वाराच्या, म्हणजे जुन्या राजवटींत इनाम किंवा पट्ट्याने दिलेल्या, जमिनींचे घोळ. शेत कोणाचे हेच पक्के नाही, तर बांध कोण घालणार? नियम सैल करायचाच असेल तर इथे करा. कूळहक्क न लागता, पंचायतीच्या नोंदीने, तीन-पाच वर्षांसाठी पडीक शेत कसायला देता आले पाहिजे. रानडुकराविरुद्ध माझ्या माहितीत याच्याइतका परिणामकारक उपाय नाही, आणि वन्यजीव कायद्याशी त्याचा संबंधही नाही.

झाडांच्या परवान्यांबद्दल तुम्ही लिहिले आहे त्याला दोन उदाहरणांनी उत्तर देतो. दोन्ही ठिकाणी सरकारने एकच गोष्ट केली: एक झाड 'झाड' या व्याख्येतून काढले.

पहिले उदाहरण बांबूचे. १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत धरला होता. वनस्पतिशास्त्राने तो गवत. स्वतःच्या बांधावरचा माणगा बांबू तोडून फोंड्याच्या बाजारात न्यायचा तरी वाहतुकीचा पास लागायचा. मी असे पास शेकडो दिले आहेत आणि एकदाही मला वाटले नाही की या कागदाने रानाचे भले होते आहे. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून निघाला. फार चांगले झाले. बेट नीट राखून तोडले तर पुढच्या पावसात नवे कोंब येतात, आणि तोडणारा पुढच्या वर्षीही तिथेच असतो.

दुसरे माडाचे. २०१६ च्या जानेवारीत गोवा विधानसभेने १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या व्याख्येतून माड काढून टाकला. शेतकऱ्याला जुने, पडायला आलेले माड तोडणे सोपे व्हावे, असे कारण दिले. शेतकऱ्याचा एखादा जुना माड ही अडचण होतीच, मी नाकारत नाही. पण मोकळीक त्या एका माडापुरती राहत नाही. ज्याला माडांचे सबंध भाट साफ करून विकायचे आहे त्यालाही ती तेवढीच मिळते, आणि तिथे पुन्हा माड येत नाही, इमारत येते. लोक रस्त्यावर आले, आणि २०१७ मध्ये नव्या सरकारने माडाला पुन्हा संरक्षण दिले. तेव्हा कोणताही नियम सैल करायची गोष्ट निघाली की मी दोन गोष्टी पाहतो. मोकळीक मिळाल्यावर सगळ्यात मोठा फायदा कोण उचलणार, आणि चूक झाली तर परत फिरता येते का.

हे रानाला लावून बघा. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. सरकारी वन सुमारे सव्वाबाराशे, त्यातली अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे ७५५. बाकी जे हिरवे दिसते ते खाजगी आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक जमीनसंस्थेच्या, डोंगरांवर आहे. त्या डोंगरांना आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन आदेशाचा, की कागदावर नोंद नसली तरी शब्दकोशाच्या अर्थाने जे वन, ते वन. गोव्याने त्यासाठी पाच हेक्टर क्षेत्र आणि झाडांच्या शेंड्यांचे चाळीस टक्के छत्र असे निकष ठेवले. २०२३ मध्ये वनसंवर्धन कायदा बदलून वनाची ही रुंद व्याख्या आखूड केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने जुना अर्थच चालू ठेवला. ही मोकळीक तुम्हाला, चार एकर काजूवाल्याला, कितपत उपयोगी पडली असती? डोंगर कापून भूखंड पाडणाऱ्याला पडली असती. आणि तुमच्या कुळागराला पाणी देणारा झरा त्याच डोंगराच्या पोटात आहे.

कायदा न बदलताही नियम सैल होतात, हे सत्तरी-डिचोलीच्या माणसाला मी सांगायला नको. बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल २०१२ मध्ये आला. खनिज कायद्यानुसार लोहखनिजाच्या खाणींची जी तपासणी व्हायला हवी होती ती झालीच नाही आणि त्यामुळे कोणालाच कसला धाक उरला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारी तिजोरीचे नुकसान त्याने सुमारे ३५,००० कोटी रुपये धरले. आकड्यावर वाद झाला, पण २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लीजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती. म्हणजे पाच वर्षे ट्रक धावत होते ते कोणत्या हक्काने? पिसुर्ल्याच्या शेतात उतरलेला खाणीचा गाळ कोणत्या कागदाने आला? तिथले लोक नियम फार आहेत म्हणून रडत नव्हते. आहेत ते नियम कोणीतरी पाळायला लावा म्हणून ओरडत होते. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने राखीव वनात गुरे चारणाऱ्याची कैद काढली, ते योग्यच झाले. पण त्याच कायद्याने १९८६ च्या पर्यावरण कायद्यातली कैद काढून दहा हजार ते पंधरा लाखांचा दंड ठेवला. गवळ्याला पाचशे रुपये जड जातात. खाणवाला पंधरा लाख खर्चात धरून चालतो.

समुद्राकडचे एक सांगतो, कारण डोंगरातल्या माणसाला ते सहसा ठाऊक नसते. सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडू लागले, तेव्हा रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांनी, आंदोलन केले. त्यांची मागणी नियम करा अशी होती. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी आज बहुतेक सगळे पाळतात, कारण पागी-खारव्यांना ती नवी नव्हती. दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही हा त्यांचा जुनाच रिवाज. एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्यांविरुद्धही तेच भांडत आहेत. ज्याचे पोट त्या साधनावर आहे आणि ज्याला ते सोडून दुसरीकडे जायचे नाही, तो सहसा नियम मागतो.

इथे तुमच्या म्हणण्यातला मला पटणारा भाग येतो: गावाने आपले रान सांभाळावे. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. जायफळाच्या कुळातल्या झाडांची ती दलदल, पाण्यातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे. ती वनखात्याने राखली नाही, राखणदारावरच्या श्रद्धेने राखली. मोरजीला कासवाची अंडी पूर्वी खाल्ली जायची. नव्वदच्या दशकापासून तिथल्याच मच्छीमारांच्या पोरांनी ती रात्र रात्र जागून राखली. पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी तर वन्यजीव कायदाच रद्द करून स्थानिकांना नियंत्रित शिकारीचा हक्क द्या, असे उघड म्हटले होते. शिकारीबाबत मी त्यांच्याशी सहमत नाही. पण ग्रामसभेला विचारल्याशिवाय रान वाचणार नाही हे त्यांचे म्हणणे मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पूर्ण पटले. मात्र ग्रामसभेच्या हाती रान देणे म्हणजे नियम उठवणे नव्हे. नियम करणारा आणि मोडणाऱ्याला जाब विचारणारा तिथे बदलतो, एवढेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्काची तरतूद नेमकी त्यासाठी आहे.

आणि ते झाले नाही म्हणून काय घडले ते सत्तरीतल्याच गोळावलीत दिसले. २०२० च्या जानेवारीत तिथल्या रानात एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले मेलेली सापडली. आधी गुरे वाघाने मारली होती. तपासात विषप्रयोग निघाला. त्या बातमीने मला कित्येक रात्री झोप लागली नाही. ज्या राज्यात वाघ हाताच्या बोटांवर मोजावे लागतात, तिथे एका आठवड्यात एक सबंध कुटुंब गेले. पण म्हादई अभयारण्य १९९९ चे. त्यात राहणाऱ्यांचे जमिनीचे, चराईचे हक्क निश्चित करणे हे कायद्याने त्यानंतरचे पहिले काम. ते वीस वर्षांनीही अपुरे होते. ज्या माणसाला आपण उद्या इथे असू की नाही हे माहीत नाही, त्याला वाघ शेजारी वाटणार कसा? उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ ला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला, तेव्हा त्याच आदेशात बारा महिन्यांत लोकांचे हक्क निश्चित करा असेही म्हटले होते. पहिल्या वाक्यावर राज्यभर भांडण झाले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्या वाक्याबद्दल कोणी मोर्चा काढलेला मी पाहिला नाही. तो तुम्ही काढायला हवा होता, आणि मीही त्यात यायला हवे होते.

आता या हंगामापुरते. नुकसान झाले की पंचनामा होईपर्यंत शेत नांगरू नका. त्याच दिवशी फोटो काढा, जमिनीचा एक-चौदाचा उतारा जोडून विभागीय कृषी कार्यालयात अर्ज द्या, गुरे मेली असतील तर वनपरिक्षेत्र कार्यालयात, आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे धरले जाते. पीक विमा योजनेत वन्य प्राण्यांचे नुकसान २०२६ च्या खरिपापासून धरायचे केंद्राने ठरवले आहे. बहात्तर तासांत कळवावे लागते, आणि कोणती जनावरे, कोणता भाग हे राज्याने आधी अधिसूचित करावे लागते. तुमच्या ग्रामसभेने तसा ठराव आत्ताच करून पाठवावा. सौर कुंपणाला कृषी खात्याचे अनुदान मिळते. कुंपण घातले तर तारेखालचे गवत दर पंधरा दिवसांनी कापा. ओले गवत तारेला लागले की झटका जमिनीत जातो आणि डुक्कर आरामात आत येते. घरातली वीज तारेत कधीही सोडू नका, त्यात माणसे मेली आहेत.

आणि तुमच्या वरच्या बाजूची पडीक शेते कोणाची आहेत त्यांची नावे तलाठ्याकडून काढून मला पाठवा. रानमोडी पावसाच्या आत कापू देण्याबद्दलची पत्रे मी लिहून देतो. सह्या तुम्ही आणि शेजाऱ्यांनी करा.